स्प्रूस का वाळतो?



ज्या सरांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते वनस्पतिशास्त्राचे शिक्षक होते आणि हाडाचे नोंदकर्ते होते. पळस कधी फुलला, सावरीला पहिलं फूल कधी आलं, कुठल्या ओढ्याकाठचं कोणतं झाड कोणत्या पावसाळ्यात उन्मळलं, हे ते वर्षानुवर्षं लिहीत राहिले. त्यांच्या नावानं बोलायचं तर अशाच नोंदींच्या बळावर उभ्या राहिलेल्या एखाद्या शास्त्राबद्दल बोलावं, असं मी ठरवलं. विषय मात्र दूरचा आहे. उत्तरेकडच्या थंड प्रदेशांतली सूचिपर्णी अरण्यं आणि त्यातही स्प्रूस हा वृक्ष.

महाराष्ट्राच्या सह्याद्रीत स्प्रूस नाही. दक्षिण भारताच्या रानांत मूळचं म्हणावं असं सूचिपर्णी गटातलं एकच झाड आहे, केरळ-तमिळनाडूच्या घाटांतलं नागेया वॉलिचियाना. पण तुमच्यापैकी जे कुलू-मनालीला किंवा गंगोत्रीच्या वाटेवर गेले असतील, त्यांनी स्प्रूस नक्की पाहिला आहे. देवदाराच्या शेजारी उभा असलेला, उंच, निमुळत्या शेंड्याचा आणि फांद्यांची टोकं खाली सोडलेला तो वृक्ष. हिमाचलात त्याला राई म्हणतात. युरोपातला नॉर्वे स्प्रूस, अमेरिकेच्या ईशान्येचा तांबडा स्प्रूस आणि कॅनडापर्यंत दलदलींत पसरलेला काळा स्प्रूस ही त्याचीच भावंडं.

गेल्या पन्नास वर्षांत ही झाडं वेगवेगळ्या देशांत मोठ्या प्रमाणावर वाळली. प्रत्येक वेळी लोकांनी कारण विचारलं, आणि प्रत्येक वेळी ताबडतोब उत्तर देणारे भेटले. खरं उत्तर मात्र फार उशिरा आलं, आणि ते ज्यांनी आणलं ते सगळे मोजत बसलेले लोक होते. आज मला त्यांच्याबद्दल सांगायचं आहे.

सुरुवात जर्मनीपासून करावी लागते, कारण शिस्तीनं जंगल लावण्याचं शास्त्र तिथेच वाढलं. सॅक्सनीतल्या खाणींना लाकूड लागे, डोंगर उघडे पडत चालले होते. तिथले खाण-अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ साली एक ग्रंथ लिहिला आणि जेवढं वाढतं तेवढंच तोडावं, हा विचार त्यात मांडला. पुढच्या दीडशे वर्षांत या विचाराला गणिताची जोड मिळाली. सरळ वाढणारा, लवकर वाढणारा आणि बाजारात चांगला भाव मिळवून देणारा स्प्रूस ओळीनं लावला गेला. जिथे मूळचे बीच आणि ओक होते, तिथेही तोच आला. हेच वनशास्त्र डीट्रिश ब्रांडिस या जर्मन माणसाबरोबर आपल्याकडे आलं. १८६४ मध्ये ब्रांडिस हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. आपल्या वनखात्याच्या कामकाजात वर्किंग प्लॅन, कूप, लागवड हे जे शब्द आजही रोज वापरले जातात, त्यांच्या मागची पद्धत मध्य युरोपातल्या या जंगलांत घडलेली आहे. त्या जंगलांचं पुढे काय झालं, हे आपण समजून घेतलं पाहिजे ते म्हणूनच.

१९६०च्या दशकात ग्योटिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी जवळच्या सोलिंग नावाच्या डोंगराळ भागात एक लांबलचक प्रकल्प सुरू केला. बीचचं एक रान आणि स्प्रूसचं एक रान निवडलं. आकाशातून काय पडतं, पानांवरून ओघळून जमिनीत काय जातं आणि मुळांच्या खाली झिरपणाऱ्या पाण्यातून काय निघून जातं, याचा जमाखर्च मांडायचा होता. काम कंटाळवाणं होतं. बाटल्या लावायच्या, भरल्या की न्यायच्या, पृथक्करण करायचं. जंगल मरतंय, अशी तक्रार तेव्हा कोणीही केलेली नव्हती. मृदाशास्त्रज्ञ बर्नहार्ड उलरिश या जमाखर्चावर बसले होते आणि तो जुळत नाही, हे त्यांच्या लक्षात येत गेलं. कोळशाच्या धुरातलं गंधक आम्ल होऊन खाली येत होतं. स्प्रूसला बारा महिने सुया असतात, त्यामुळे धुक्यातलं आणि हवेतलं गंधक तो बीचपेक्षा कितीतरी जास्त गाळून घेत होता. मातीतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन जात होतं. आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळतं आणि ते बारीक मुळांना विषारी ठरतं. १९७९ च्या सुमारास उलरिश यांनी हे जाहीरपणे मांडलं आणि जंगलं मोठ्या प्रमाणावर मरतील, असा इशारा दिला.

त्यानंतर जर्मनीत जे झालं, ते आपल्यातल्या ज्येष्ठांना कदाचित आठवत असेल. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये 'डेर श्पीगल' साप्ताहिकानं मरणाऱ्या जंगलाची मुखपृष्ठकथा छापली आणि सगळा देश हादरला. १९८३ साली मोठ्या वीजकेंद्रांच्या धुराड्यांवर कडक नियम आले. हवेच्या सीमापार प्रदूषणाबद्दलचा जिनिव्हा करार १९७९ मध्येच झालेला होता, त्यालाही धार चढली.

आणि मग भाकीत केल्याप्रमाणे जंगलं मेली नाहीत. चेक आणि जर्मन सीमेवरच्या क्रुश्ने होरी डोंगरांत, जिथे लिग्नाइट जाळणाऱ्या केंद्रांचा धूर थेट झाडांवर बसत होता, तिथे हजारो हेक्टर स्प्रूस खरोखर उभा वाळला. पण बाकी युरोपात ९० च्या दशकात हाइनरिश श्पीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडांच्या वाढीचे आकडे गोळा केले, तेव्हा पुष्कळ ठिकाणी वाढ मंदावण्याऐवजी वाढलेली दिसली. म्युनिकचे वनस्पतिशास्त्रज्ञ ओटो कांडलर तर सुरुवातीपासून सांगत होते की, सरसकट मरणाचा पुरावा नाही. मग टीका सुरू झाली. शास्त्रज्ञांनी घाबरवलं, वृत्तपत्रांनी आग लावली, असं म्हटलं गेलं. आजही हवामानबदलाच्या चर्चेत हा दाखला काढणारे लोक भेटतात.

मला हा दाखला अन्यायाचा वाटतो. पहिली गोष्ट, भाकीत खरं ठरू नये म्हणूनच उपाय केले गेले. १९८० पासून युरोपात गंधकाचं उत्सर्जन ८० टक्क्यांहून अधिक घटलं. रोग्याला औषध दिलं, तो वाचला, म्हणून रोग नव्हताच असं कोणी म्हणत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. जंगल मरतंय की नाही, हा प्रश्नच फार ठोकळेबाज होता. बायरॉइटचे एर्न्स्ट-डेटलेफ शुल्झे यांनी फिख्टेलगेबिर्गे डोंगरातले पिवळे पडणारे स्प्रूस तपासले आणि १९८९ मध्ये जे मांडलं, त्यातून हे उलगडलं. हवेतून गंधकाबरोबर नायट्रोजनही येत होता आणि नायट्रोजन हे झाडाचं खत आहे. त्यानं झाड जोमानं वाढू लागलं. पण त्याच वेळी आम्लानं मातीतलं मॅग्नेशियम धुऊन नेलं होतं, आणि मॅग्नेशियमशिवाय हरितद्रव्य तयार होत नाही. वाढ मागते आणि माती देऊ शकत नाही, या ओढाताणीत सुया पिवळ्या पडत होत्या. म्हणजे वाढीचे आकडे दाखवणारे आणि आजार दाखवणारे, दोघांचंही निरीक्षण बरोबर होतं. ते एकाच झाडाच्या दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगत होते.

आता अटलांटिक ओलांडू. व्हरमाँट राज्यात कॅमल्स हंप नावाचा एक डोंगर आहे. साठच्या दशकाच्या मध्यावर तिथल्या विद्यापीठाच्या काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्या डोंगराच्या उतारावरची झाडं मोजली होती. कुठल्या उंचीवर कुठली जात किती, एवढाच प्रश्न होता. १९७९ मध्ये ह्युबर्ट व्होगलमन आणि थॉमस सिकामा यांनी पुन्हा त्याच जागी जाऊन मोजलं, तर तांबडा स्प्रूस जवळजवळ निम्मा झालेला. मधल्या काळात कीड नाही, आग नाही, तोड नाही. पंधरा वर्षांपूर्वीची ती साधी गणती नसती, तर डोंगरावरची मेलेली झाडं पाहून 'म्हातारी झाली असतील' म्हणून लोक पुढे गेले असते.

पुढची वीस वर्षं कारणाच्या शोधात गेली. इथे गोष्ट जर्मनीपेक्षा वेगळी निघाली. तांबडा स्प्रूस मुळांच्या विषबाधेनं मरत नव्हता, तो थंडीनं मरत होता. ऐकायला विचित्र वाटतं, कारण थंड प्रदेशातलंच हे झाड. पण व्हरमाँटच्या डोनाल्ड डीहेज, पॉल शाबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे फार बारकाईनं दाखवून दिलं. ईशान्य अमेरिकेतला हा स्प्रूस कडाक्याच्या हिवाळ्यात जेमतेम तग धरू शकतो, त्याच्याजवळ अंशांची शिल्लकच नाही. सुईतल्या पेशीच्या पटलाला चिकटलेलं थोडंसं कॅल्शियम असतं आणि थंडी सोसायला ते लागतं. डोंगरमाथ्यावरचं आम्ल धुकं सुयांवर बसतं आणि नेमकं हेच कॅल्शियम धुऊन नेतं. मग एरवी सोसली असती ती थंडी सोसत नाही, आदल्या वर्षीच्या सुया वसंतात तांबूस होऊन गळतात. दोन-चार हिवाळे असे गेले की झाडाचा साठा संपतो. मारणारं हवामान आहे असं दिसतं, पण त्याला वाट करून दिलेली असते शेकडो मैलांवरच्या धुराड्यांनी.

कॅल्शियमचा हा धागा जिथे पक्का झाला, ते ठिकाण शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये आहे, हबर्ड ब्रुक. १९६३ मध्ये जीन लाइकन्स, हर्बर्ट बोरमन, नॉय जॉन्सन आणि रॉबर्ट पिअर्स यांनी एका ओढ्याच्या पाणलोटाला प्रयोगशाळा मानायचं ठरवलं. ओढ्याच्या तळाशी कातळ आहे, पाणी झिरपून हरवत नाही. म्हणून पाणलोटात शिरणारं पाऊस-पाणी आणि बाहेर पडणारा ओढा, दोन्ही मोजले की मधलं जंगल काय ठेवून घेतं आणि काय गमावतं, हे कळतं. पहिल्याच नमुन्यांत पाऊस विलक्षण आम्लधर्मी निघाला. त्याचा अर्थ लागायला, तो दूरच्या धुराड्यांशी जोडायला, पुढची कितीतरी वर्षं लागली. १९९६ मध्ये लाइकन्स आणि सहकाऱ्यांनी साठच्या दशकापासूनचे आकडे मांडून दाखवलं की, दशकानुदशकं त्या मातीतून कॅल्शियम निघून गेलं आहे आणि खडक झिजून त्याची भरपाई फार हळू होते. पाऊस सुधारला तरी माती लगेच सुधारणार नाही, हा त्याचा अर्थ.

मग त्यांनी जे केलं, ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत देखणं काम वाटतं. गेलेलं कॅल्शियम परत देऊन पाहायचं. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये एका अख्ख्या पाणलोटावर, सुमारे १२ हेक्टर जंगलावर, वोलॅस्टोनाइट या कॅल्शियमयुक्त खनिजाच्या गोळ्या हेलिकॉप्टरमधून टाकल्या. शेजारचा पाणलोट तुलनेसाठी तसाच ठेवला. आणि थांबले. २००३ च्या हिवाळ्यात सगळ्या ईशान्य अमेरिकेत तांबड्या स्प्रूसला थंडीचा जबरदस्त तडाखा बसला. लोक दोन्ही पाणलोटांत गेले. कॅल्शियम दिलेल्या पाणलोटातले स्प्रूस शेजारच्यांपेक्षा कितीतरी कमी भाजले होते. गेलेली वस्तू परत दिली आणि सहनशक्ती परत आली, यापेक्षा थेट पुरावा जंगलाच्या बाबतीत मिळत नाही.

१९६५ च्या गणतीपासून या पुराव्यापर्यंत जवळजवळ चाळीस वर्षं गेली. पहिली गणती करणाऱ्यांना आपण कशासाठी मोजतोय, हे माहीत नव्हतं. हबर्ड ब्रुकच्या पहिल्या बाटलीत पाऊस गोळा करणाऱ्यांना आम्लपावसाचा शोध लावायचा नव्हता. आज संशोधनाला पैसा देताना पहिला प्रश्न विचारला जातो तो, 'तीन वर्षांत निष्कर्ष काय?' असा. या प्रश्नाला हबर्ड ब्रुककडे १९६६ साली काहीच उत्तर नसतं. तो प्रकल्प बंद पडला असता आणि तांबडा स्प्रूस का मेला, हे आपल्याला कधीच कळलं नसतं. मी हे रागानं म्हणतोय आणि तो राग मला लपवायचा नाही.

या गोष्टीला अलीकडे एक वळण मिळालं आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ईशान्य अमेरिकेतला तांबडा स्प्रूस पुन्हा जोमानं वाढू लागल्याचं खोडांच्या वलयांवरून दिसतं. एक कारण कमी झालेलं आम्ल. दुसरं कारण सौम्य होत चाललेले हिवाळे. ज्या तापमानवाढीची आपल्याला धास्ती आहे, ती या झाडाला, या जागी, निदान आत्ता मदत करते आहे. हे सांगायला मी कचरत नाही, कारण पुढचं जे सांगायचं आहे ते नेमकं याच्या उलट जातं.

मिनेसोटाच्या उत्तरेला मार्सेल नावाचं प्रायोगिक जंगल आहे. तिथे काळ्या स्प्रूसची आणि लार्चची एक दलदल आहे. जमिनीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, पीटचा, काही मीटर जाड थर साचलेला आहे, हजारो वर्षांचा. उत्तर गोलार्धातल्या अशा दलदलींनी जगाच्या मातीतल्या कार्बनचा फार मोठा वाटा अडवून धरला आहे. त्या तापल्या तर काय होईल? ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि अमेरिकेचं वनखातं यांनी तिथे दहा गोल पिंजरे बांधले. प्रत्येकाचा व्यास सुमारे १२ मीटर, वरून उघडे, आत उभी झाडं. काहींत हवा आणि जमीन जशी आहे तशी ठेवली, बाकीच्यांत टप्प्याटप्प्यानं २.२५ पासून ९ अंशांपर्यंत तापवली. अर्ध्या पिंजऱ्यांत कार्बन डायऑक्साइडही वाढवला. जमीन खोलवर दोनेक मीटर तापवण्याची व्यवस्था केली. हे महत्त्वाचं आहे, कारण वरून दिवे लावून जंगल तापवण्याचे आधीचे प्रयोग खालच्या थरापर्यंत पोचत नसत. २०१५ च्या उन्हाळ्यात हवा आणि जमीन दोन्ही तापवणं सुरू झालं. या प्रयोगाचं नावही स्प्रूस असंच आहे.

पहिल्याच वसंतात एक गोष्ट दिसली. तापवलेल्या पिंजऱ्यांतल्या झाडांना वेळेआधी जाग आली, कोवळी पालवी फुटली, थंडी सोसायची तयारी त्यांनी टाकून दिली. आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये कडाक्याची थंडी आली. जी झाडं सर्वांत उबेत होती, त्यांचंच सर्वांत जास्त नुकसान झालं. तापमान वाढलं की हंगाम लांबतो, हे ठाऊक होतं. पण लांबलेला हंगाम झाडाला गोठण्याच्या जास्त जवळ नेऊन ठेवतो, हे जिवंत जंगलात मोजून दाखवलं गेलं ते इथे. व्हरमाँटचा स्प्रूस आम्लामुळे थंडीत सापडला, मिनेसोटाचा उबेमुळे. झाडाच्या दृष्टीनं दोन्हीकडे घाव थंडीचाच.

त्याहून गंभीर गोष्ट पायाखाली होती. दलदलीच्या पृष्ठभागावर स्फॅग्नम नावाच्या शेवाळाची गादी असते. पाणी धरून ठेवणारी आणि पीट बनवणारी वनस्पती तीच. तापमान जसजसं वाढत गेलं, तसतशी ती गादी सुकत आणि आक्रसत गेली, सर्वांत उष्ण पिंजऱ्यांत तर जवळजवळ नाहीशी झाली. तिच्या जागी झुडपं माजली. आणि जो थर कार्बन साठवत होता, तो कार्बन सोडू लागला. सर्वांत कमी तापवलेल्या पिंजऱ्यातही, म्हणजे अवघ्या २.२५ अंशांच्या वाढीतही, पारडं तोट्याकडे झुकलं. कार्बन डायऑक्साइड वाढवल्यानं झाडं जास्त वाढतील आणि तोटा भरून काढतील, ही आशा पहिल्या काही वर्षांच्या आकड्यांत तरी टिकली नाही.

मध्य युरोपाकडे परत जाऊ, कारण तिथे तिसरं मरण सध्या चालू आहे. ते कोणा शास्त्रज्ञाच्या जमाखर्चात नाही, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसतं. 'इप्स टायपोग्राफस' हा अवघ्या चार-पाच मिलिमीटरचा एक भुंगेरा आहे, स्प्रूसच्या सालीखाली राहणारा. नर आधी साल पोखरतो आणि गंधाचा संदेश सोडतो. त्यावर हजारो भुंगेरे एकाच झाडावर तुटून पडतात. निरोगी झाड राळ सोडून त्यांना बुडवून मारतं. पण राळ दाबानं बाहेर यायला झाडात पाणी लागतं. २०१८ च्या उन्हाळ्यापासून ओळीनं कोरडी वर्षं आली, झाडांजवळ ते पाणीच उरलं नाही. उबदार उन्हाळ्यात भुंगेऱ्याच्या एकाऐवजी दोन, कधी तीन पिढ्या होतात. २०१८ च्या जानेवारीपासून २०२१ च्या एप्रिलपर्यंत जर्मनीनं सुमारे ५ लाख हेक्टर वृक्षाच्छादन गमावलं, देशाच्या जंगलाच्या जवळपास ५ टक्के, असं उपग्रहांच्या चित्रांवरून मोजलं गेलं. त्यात स्प्रूस सर्वाधिक आहे. चेक प्रजासत्ताकातही हीच गत झाली. कार्लोविट्झनंतरच्या दोन-अडीच शतकांत जिथे तो मूळचा नव्हता, अशा सखल आणि कोरड्या जागी स्प्रूस लावला गेला, तिथे तो सर्वांत आधी गेला. एकाच वयाची, एकाच जातीची, खांद्याला खांदा लावून उभी झाडं भुंगेऱ्याला यापेक्षा सोयीची मिळणं शक्य नव्हतं.

अशा वेळी काय करायचं? तोडा, साफ करा, नवं लावा, हे शतकांचं उत्तर आहे. लागवडीच्या जंगलात त्याला अर्थही आहे. पण बव्हेरियाच्या जंगलात एक वेगळं उत्तर चाळीस वर्षांपूर्वी दिलं गेलं. १९७० मध्ये स्थापन झालेलं हे जर्मनीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. १९८३ च्या ऑगस्टमध्ये वादळानं तिथे हजारो झाडं पाडली. बव्हेरियाचे मंत्री हान्स आयझनमान यांनी ती झाडं न उचलण्याचा निर्णय घेतला, पुढच्या पिढ्यांना आदिम अरण्य पाहता यावं म्हणून. पडलेल्या लाकडात भुंगेरे वाढले आणि ९० च्या दशकात उभ्या डोंगरांवरचा हजारो हेक्टर स्प्रूस करडा झाला. आसपासच्या गावांतले लोक संतापले. मला त्यांचा राग समजतो. ज्या डोंगराकडे पाहत माणूस लहानाचा मोठा झाला, तो डोंगर डोळ्यांदेखत मेला आणि उद्यानाचे लोक म्हणतात थांबा. पण उद्यानानं मोजणं सोडलं नाही. मेलेल्या खोडांच्या मधून आणि खोडांवरही स्प्रूसची रोपं आपणहून आली, त्यांत रोवनसारखी इतर झाडंही मिसळली. वेगवेगळ्या वयाचं, विरळ-दाट असं जंगल उभं राहू लागलं. मेलेल्या लाकडावर जगणारे कित्येक दुर्मीळ कीटक आणि बुरशी परत आल्या. म्हणून सगळीकडे असंच करावं, असं मी म्हणत नाही. वरच्या थंड उतारावर स्प्रूस मूळचा आहे, तिथे तो परत येतो. सखल भागात तो परत येईल, अशी आशा धरता येत नाही.

या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय, असं कुणाच्या मनात येत असेल. संबंध पुण्यात आहे. पाषाणच्या रस्त्यावरच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत झाडांच्या वर्षवलयांवरून जुनं हवामान वाचण्याचं काम ७० च्या दशकाच्या अखेरीपासून चाललं आहे. गोविंद बल्लभ पंत यांनी त्याचा पाया घातला, हेमंत बोरगांवकर आणि सहकाऱ्यांनी ते वाढवलं. ठाण्याच्या परिसरातल्या सागाची वलयं आणि तिथलं हवामान यांच्यावरचं त्यांचं काम १९८३ चं आहे. पुढे केरळातल्या सागावरून त्यांनी ५२३ वर्षांची मालिका उभी केली आणि एल निन्यो व अवर्षणाच्या खुणा तीत शोधल्या. आणि हिमालयात ते देवदार, राई आणि तोस म्हणजे फर यांच्याकडे गेले. पोकळ गिरमिटानं खोडातून पेन्सिलीपेक्षा बारीक कांडी काढायची, झाड जिवंत राहतं, आणि प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली एकेका वर्षाची रुंदी मोजायची, झाडामागून झाड ताडून पाहायची. पश्चिम हिमालयातल्या या झाडांनी सांगितलं की, त्यांची वाढ मार्च ते मे या महिन्यांवर ठरते. तेव्हा ऊन कडक आणि पाऊस कमी असला की वलय अरुंद. गंगोत्रीसारख्या उंच जागच्या देवदारांनी मात्र उलट सांगितलं. तिथे अलीकडच्या दशकांत वलयं रुंदावली आहेत, हिवाळे सौम्य झाल्याची आणि शेजारची हिमनदी मागे हटल्याची नोंद त्यांच्यात उमटली आहे.

लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतले राम रतन यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये आणखी एक पेच समोर ठेवला. त्यांच्या झाडांनुसार पश्चिम हिमालयात मोसमी पावसाआधीच्या महिन्यांचं तापमान विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घटलं होतं. जग तापत असताना हिमालय अपवाद कसा? हवामानकेंद्रांच्या आकड्यांत त्यांना दिसलं की, दिवसापेक्षा रात्रीचं तापमान जास्त वेगानं उतरलं आहे, आणि त्यांनी त्याचा संबंध जंगलतोड व उजाड होत गेलेल्या जमिनीशी लावला. हे एका ऋतूपुरतं आहे, हिवाळ्याच्या नोंदी वेगळं सांगतात. पण न जुळणारा आकडा लपवून न ठेवता शीर्षकातच प्रश्न म्हणून विचारणारे हे लोक आहेत, याचा मला अभिमान वाटतो.

वलयं मागचं सांगतात. पुढचं कळायला एकाच जागी पुन्हा पुन्हा मोजावं लागतं. आपल्याकडे हे झालंच नाही, असं नाही. रामन सुकुमार यांच्या पुढाकारानं १९८८ मध्ये मुदुमलाईत ५० हेक्टरांचा भूखंड आखला गेला आणि त्यातल्या झाडांची गणती तेव्हापासून चालू आहे. कोडगूतल्या उप्पंगला इथे पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेनं त्याच सुमारास असंच काम सुरू केलं. हिमालयातल्या राई आणि तोसाबद्दल मात्र वनअधिकारी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून एकच तक्रार लिहीत आले आहेत. मोठी झाडं उभी आहेत, खाली रोपं नाहीत. कुणी न कुजलेल्या पाल्याच्या जाड थराला दोष देतो, बीचं मूळ त्यातून मातीपर्यंत पोचत नाही म्हणून. कुणी चराईला, कुणी पावसाळ्यात माजणाऱ्या तणाला, कुणी दाट सावलीला. आता त्यात बर्फ लवकर वितळण्याची भर पडली आहे. ही सगळी कारणं खरी असतील, किंवा व्हरमाँटच्या कॅल्शियमसारखं कुणाच्या ध्यानीमनी नसलेलं काही त्यांच्या मुळाशी असेल. कुंपण घातलेला एक भूखंड, न घातलेला एक, पाला उचललेला एक, तसाच ठेवलेला एक, आणि दर वर्षी रोपं मोजायला जाणारं कोणीतरी, एवढ्यानं सुरुवात होते. इथे मागच्या रांगांत वनस्पतिशास्त्राचे आणि भूगोलाचे विद्यार्थी बसले आहेत. तुमच्यापैकी कुणी हिमाचलात किंवा उत्तराखंडात संशोधनाला गेलात, तर हा प्रश्न घेऊन जा, आणि आपल्यानंतर मोजायला येणाऱ्याला सापडेल अशी खूण भूखंडाच्या चारही कोपऱ्यांवर ठोकून या.